पेशींना वळण लावताना

पुण्यात गणेशखिंडीतली प्रयोगशाळा असो की पाषाणची, स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, वाढवणाऱ्यांना हक्काचा रविवार नसतो. डिशमधलं गुलाबीसर मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रावण, बहुधा रोज बदलावं लागतं. हयगय झाली की कॉलनीच्या रेखीव कडा विस्कटतात आणि पेशी मनाला येईल ते रूप घेऊ लागतात.

ही मनमानी जुनीच. 1981 मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या भ्रूणातून अशा पेशी मिळवल्या. माणसाच्या पेशी हाती यायला 1998 उजाडलं. ते काम विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांचं. सुरुवातीला या पेशींचे गोळे मीडियममध्ये तरंगत ठेवायचे. थोड्या हृदयाच्या, थोड्या चेतापेशी, अशी सरमिसळ निघायची. यात नुसती मेहनत वाया जात नाही. न बदललेल्या पेशी रुग्णाच्या शरीरात गेल्या तर तिथे गाठ होऊ शकते, म्हणून किती टक्के पेशी हव्या तशा बदलल्या याला इतकं महत्त्व.

पेशींना हवं ते वळण लावण्याची एक वाट भ्रूणाच्याच क्रमाने जाणारी, पेशींना मिळणारे रासायनिक संकेत चालू-बंद करण्याची. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लॉरेन्झ स्टुडर यांच्या गटाने एकाच साखळीतले दोन संकेत रोखले आणि 80 टक्क्यांहून अधिक पेशी मज्जासंस्थेकडे वळल्या. 2012 मध्ये विस्कॉन्सिनच्याच शॉन पालेचेक यांच्या गटाने 'विंट' हा संकेत आधी चेतवला, दोनेक दिवसांनी दाबला. हृदयपेशींचं प्रमाण 98 टक्क्यांपर्यंत गेलं. पहिल्या दिवशी हवाच असलेला हा संकेत चौथ्या दिवशीही चालू राहिला तर आडवा येतो. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

दुसरी वाट थेट जनुकाची. 1987 मध्ये सिअ‍ॅटलला हॅरॉल्ड वाइनट्राउब यांच्या प्रयोगशाळेत 'मायोडी' या एका जनुकाने उंदराच्या संयोजी ऊतीतल्या पेशी स्नायूंच्या झाल्या. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये चार जनुकांनी उलटा प्रवास घडवला, तयार पेशींना पुन्हा स्टेम सेलसारखं केलं, आणि त्यासाठी भ्रूणाची गरज उरली नाही. 2013 मध्ये थॉमस स्यूडॉफ यांच्या गटाने एका जनुकावर, दोन आठवड्यांच्या आत, जवळपास सगळ्या पेशींच्या चेतापेशी केल्या.

पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र 1986 मध्ये सुरू झालं ते पेशी जपण्याची आणि पुरवण्याची राष्ट्रीय सुविधा म्हणून. तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. या कामाची बातमी होत नाही, पण पेशी धड नसतील तर पुढची कुठलीच रीत लागू पडत नाही.

हृदयपेशी घडवताना आठव्या-दहाव्या दिवशी डिशचा तळ धडधडू लागतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मायक्रोस्कोपवरून डोळा हलेना. त्या पेशी मात्र अजून गर्भातल्या हृदयासारख्याच असतात. त्यांना प्रौढ कसं करायचं, यावर आता काम चाललं आहे.