गहिनीनाथ, गैबीपीर आणि उरुसाचा अर्थ

कोल्हापूरहून कागल जेमतेम अर्ध्या तासावर. तिथल्या उरुसाचं नाव लोक एका दमात घेतात: गहिनीनाथ गैबीपीर. गहिनीनाथ म्हणजे निवृत्तिनाथांचे गुरू, आणि पीर हा शब्द फारसी. दोन परंपरा जोडल्यात असं गावात कुणाला वाटत नाही. ‘गैब’ म्हणजे डोळ्यांआड असलेलं. पीर गैबी आणि नाथांचा ईश्वर अलख, म्हणजे न दिसणारा. माझ्या मते हे दोन शब्द शेजारी ठेवले की पुष्कळ उलगडतं.

‘उरूस’ आला अरबी ‘उर्स’वरून, आणि त्याचा अर्थ लग्न. सूफींच्या, म्हणजे इस्लाममधल्या प्रेममार्गी साधकांच्या लेखी संताचा मृत्यू म्हणजे प्रियकराशी, ईश्वराशी मीलन. म्हणून पुण्यतिथीला शोक नसतो. आदल्या रात्री संदल म्हणजे चंदनाची मिरवणूक निघते, चंदनाचा लेप मजारीला, म्हणजे पिराच्या कबरीला लागतो, मग गलेफ चढतो. चौघांनी चार कोपरे धरलेलं ते रेशमी कापड, वर मोगरा-गुलाबाची जाळी, उदाचा धूर, आणि हातावर पडणारा मलिद्याचा गोड घास. आमच्याकडे गलेफ वाहायचा नवस बोलताना कुणी जात विचारलेली मी ऐकलेली नाही.

या सूफी वाटेची सुरुवात आठव्या शतकात इराकमधल्या बसऱ्यात दिसते. तिथल्या राबिया या संत स्त्रीची शिकवण अशी, की नरकाच्या भीतीनं किंवा स्वर्गाच्या लोभानं केलेली भक्ती खरी नव्हे. हे साधक लोकरीचा जाडाभरडा झगा घालत. लोकरीला अरबीत ‘सूफ’ म्हणतात, त्यावरून सूफी. ‘अनल हक’, म्हणजे ‘मीच सत्य’, असं म्हणणाऱ्या मन्सूर हल्लाजला बगदादमध्ये 922 साली देहदंड झाला. पुढे धर्मपंडित गझालींनी शरियत म्हणजे धर्माचे नियम आणि ही आतली साधना यांचा मेळ घातला. मग सिलसिले, म्हणजे गुरुशिष्यांच्या परंपरा उभ्या राहिल्या. मुर्शिदाचा म्हणजे गुरूचा हात धरायचा, जिक्र म्हणजे नामस्मरण करायचं, ‘नफ्स’ म्हणजे अहंकार झिजवायचा. नक्शबंदी सिलसिल्यातले मनातल्या मनात जिक्र करतात, तर चिश्ती सिलसिल्यातले समा म्हणजे गायन ऐकता ऐकता तल्लीन होतात. मजारीवर मागणं मागावं का, यावर मुसलमानांतही जुना वाद आहे. सूफी सांगतात, देणारा अल्लाहच, पीर फक्त वसीला, म्हणजे मध्यस्थ.

दख्खनेत चिश्ती आले ते बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्याबरोबर. 1337 साली ते वारले, त्यांची मजार खुलताबादेत आहे. दुसरे चिश्ती संत बंदानवाज गेसूदराज गुलबर्ग्याला स्थिरावले आणि 1422 साली तिथंच वारले. कोल्हापूरचा मुलूख पुढे विजापूरच्या आदिलशाहीत होता, आणि विजापूर हे चिश्तींचं मोठं ठाणं. मला सगळ्यात जवळची वाटते ती त्या परंपरेतली ‘चक्कीनामा’ नावाची दख्खनी गाणी. ती बायकांनी दळताना म्हणायची. त्यांत जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, ‘अल्लाह’ या शब्दाचं उभ्या रेघेसारखं पहिलं अक्षर. हात खुंट्यावर आणि नाम ओठांवर. आपल्या आज्यांनी पहाटे जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या म्हटल्या, त्याच घरगुती कष्टातून ही गाणीही आली. मोठ्या ग्रंथांइतकाच, किंबहुना जास्तच, सूफी विचार अशा पिठाच्या धारेबरोबर घराघरांत उतरला असावा.

कोल्हापूर शहरात बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती आहे. उंबरा ओलांडणारे आधी त्याला हात जोडतात, मग डोक्यावर रुमाल ठेवून आत जातात.