फिशिंग : ऑनलाइन दुकानांच्या नावाने येणारे ईमेल

ओळखीच्या ऑनलाइन दुकानाचे नाव आणि बोधचिन्ह वापरून ईमेल पाठवायचा, त्यातल्या लिंकवरून ग्राहकाला बनावट पानावर न्यायचे आणि तिथे पासवर्ड, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी काढून घ्यायचा, असा हा फसवणुकीचा प्रकार. ‘फिशिंग’ हा शब्द इंग्रजीतल्या मासेमारीवरून आला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘अमेरिका ऑनलाइन’ या इंटरनेट सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड लुबाडणाऱ्यांत तो रूढ झाला. पुढे ईबे हे ऑनलाइन दुकान आणि पेपॅल ही पैसे पाठवण्याची सेवा यांच्या नावाने असे ईमेल फिरू लागले. भारतात अमेझॉन, फ्लिपकार्ट यांची नावे वापरली जातात.

गळाला मासा लागतो, कारण ग्राहक आधीच कशाची तरी वाट पाहत असतो. दिवाळीच्या आगेमागे घरोघरी दोन-तीन पार्सले वाटेत असतात. ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे’ हा मजकूर हजारोंना पाठवला, की त्यातल्या काहींना तो आपल्याच ऑर्डरविषयी वाटतो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे : कधीच न मागवलेल्या महागड्या फोनची पावती येते. तिच्यात लिंक नसते, फक्त ‘ऑर्डर रद्द करण्यासाठी’ एक फोन क्रमांक असतो. घाबरून फोन केला, की पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलतो आणि मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असे ॲप उतरवून घ्यायला लावतो.

पाठवणाऱ्याचे नाव हा पुरावा नव्हे. ईमेल पोहोचवण्याची पद्धत १९८२ मध्ये ठरली तेव्हा नाव पडताळण्याची सोय तिच्यात नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच ते. ईमेल खरोखर त्या पत्त्याच्या मालकाकडून आला का हे पाहणाऱ्या, नंतर आलेल्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या दुकानाचाच पत्ता चोरणाऱ्याला अडवतात. मिळताजुळता नवा पत्ता नोंदवणारा मात्र त्यांतून सहज सुटतो. इंग्रजी लिपीत आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात. २०१७ मध्ये तर एका संशोधकाने निव्वळ सिरिलिक (रशियन भाषेच्या लिपीतल्या) अक्षरांत ‘ॲपल’च्या संकेतस्थळासारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता.

म्हणून लिंकचा पत्ता उलटा वाचावा : सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच डावीकडे जे असते तेच खरे घर. ‘अमेझॉन डॉट इन डॉट ऑर्डर-तपास डॉट इन्फो’ हा पत्ता अमेझॉनचा नाही, ‘ऑर्डर-तपास’ नाव घेणाऱ्याचा आहे. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये. ते फक्त वाटेत कोणी माहिती वाचू शकत नाही एवढे सांगते, पलीकडे कोण बसला आहे हे नाही. गुगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढले, त्यामागे हाच गैरसमज होता.

अशुद्ध भाषेवरून खोटा ईमेल ओळखा, हा जुना सल्ला आता सोडून द्यायला हवा. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर निर्दोष असतो. खरी खूण घाईची असते : ‘२४ तासांत खाते बंद होईल’. अशा वेळी ईमेलमधले काहीच न दाबता दुकानाचे ॲप स्वतः उघडून ऑर्डरची यादी पाहावी. अमेझॉनने पाठवलेले ईमेल खात्यातल्या ‘मेसेज सेंटर’मध्येही दिसतात. परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

माहिती देऊन बसलो असे लक्षात येताच आधी बँकेला कळवून कार्ड बंद करावे, मग १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी आणि पासवर्ड बदलावा. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तोही. लाजेपोटी गप्प बसणारे फार असतात, आणि नुकसान तिथेच वाढते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेवर टाकले आहे. कळवण्यापूर्वीचे मात्र ग्राहकाच्याच माथी पडते.