बाळंतपणानंतरचे दहा दिवस, एक बीपी मशीन आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आया

आकडे आधी सांगते. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. २०२० साली अमेरिकेत गोऱ्या बायकांमध्ये हाच आकडा १९ च्या आसपास होता आणि कृष्णवर्णीय बायकांमध्ये ५५. दोन देशांत मोजायची पद्धत वेगळी आहे त्यामुळे अगदी काटेकोर तुलना नका करू, पण जगातला सगळ्यात महागडा आरोग्याचा कारभार ज्या देशात आहे तिथल्या एका अख्ख्या समाजातल्या बायका बाळंतपणात महाराष्ट्रापेक्षा जास्त मरतात, हे काही केल्या पचत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांचा आकडा १४.५ पर्यंत खाली आला, कृष्णवर्णीय बायकांचा मात्र ५० च्या वरच राहिला.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे "त्यांच्या जीन्समध्येच काहीतरी असेल". हे तपासून झालंय. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९९७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जन्मांच्या नोंदी काढून बाळांची वजनं बघितली. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या बायकांच्या बाळांची वजनं गोऱ्या अमेरिकन बायकांच्या बाळांच्या जवळ जाणारी निघाली, आणि पिढ्यानपिढ्या अमेरिकेतच राहिलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बाळांची त्याहून कमी. दोष जीन्सचा असता तर आफ्रिकेतून आलेल्या बायकांच्या बाळांची वजनंही तितकीच कमी दिसायला हवी होती. पुढे त्यांनी त्या आफ्रिकेतून आलेल्या बायकांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलींचीही बाळंतपणं बघितली, तर एका पिढीतच वजनं खाली घसरलेली. म्हणजे जे काही होतं ते तिथे राहिल्यामुळे होतं.

मग गरिबी? तीही पुरत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार पदवीधर कृष्णवर्णीय बाईला गरोदरपणाशी संबंधित मृत्यूचा धोका पदवीधर गोऱ्या बाईच्या पाचपट होता, आणि शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षासुद्धा जास्त. शिक्षण, नोकरी, इन्शुरन्स सगळं असून. अजून एक उदाहरण देते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चार बाय शंभर रिलेचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या टीममधल्या ॲलिसन फेलिक्सला बत्तिसाव्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसियामुळे, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याच्या आजारामुळे, तातडीचं सिझेरियन करावं लागलं, टियाना मॅडिसनला सव्विसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि टोरी बोवी २०२३ मध्ये साधारण आठ महिन्यांची गरोदर असताना फ्लोरिडातल्या आपल्या घरात वारली, वय ३२. जगातल्या सगळ्यात वेगवान चार बायकांतल्या तिघी! यांना कोण म्हणणार की तब्येतीची काळजी घेतली नाही.

आर्लीन जेरोनिमस या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये एक कल्पना मांडली. रोजचा अपमान, रोजची सावधगिरी, पोलिसांची भीती, नोकरीत दुप्पट सिद्ध करायचा ताण, हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की ताणाची हार्मोन्स कधी पूर्ण खाली येतच नाहीत, रक्तवाहिन्या आणि हृदय त्याची किंमत मोजतात आणि शरीर वयाच्या आधी झिजतं. इमारतीच्या भिंतीला दर पावसाळ्यात थोडी थोडी ओल लागून आतून सळई गंजावी तसं. बाहेरून पस्तिशीची दिसणारी बाई आतून बरीच मोठी असते, आणि गरोदरपण म्हणजे हृदयावरचं सगळ्यात मोठं ओझं नेमकं त्याच वेळी येतं.

पण झीज ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी म्हणजे ती दवाखान्यात जाऊन सांगते तेव्हा तिचं ऐकून घेतलं जातं का. शॅलन अर्व्हिंग ही सीडीसीमध्येच काम करणारी साथरोगतज्ज्ञ, आणि तिचा विषयच समाजातली विषमता आणि आरोग्य हा. जानेवारी २०१७ मध्ये तिला मुलगी झाली. नंतर बीपी वाढलेलं, पायाला सूज, वजन वाढतंय, हे सगळं घेऊन ती पुन्हा पुन्हा दाखवायला गेली आणि बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी उच्च रक्तदाबाच्या गुंतागुंतीने ३६ व्या वर्षी वारली. त्याच वर्षी प्रोपब्लिका आणि एनपीआर या दोन माध्यमसंस्थांनी तिची हकीकत सविस्तर छापली आणि ऐकवली, तेव्हा कुठे हा विषय अमेरिकेत घरोघरी पोचला. राज्यांच्या समित्या नंतर असे मृत्यू एकेक करून तपासायला बसल्या तर ३६ राज्यांमधले २०१७ ते २०१९ चे ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू टाळता येण्यासारखे होते, आणि निम्म्याहून जास्त हे बाळंतपणाच्या आठवड्यानंतर ते वर्षभराच्या आत झालेले होते. म्हणजे हॉस्पिटलात नाही, बाई घरी गेल्यावर, सगळे बाळाकडे बघत असताना.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. बीपीचा त्रास असलेल्या बाईचं बीपी डिलिव्हरी झाली की लगेच उतरतं असं आपल्याला वाटतं, पण गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी नंतरच्या दिवसांत परत रक्तवाहिन्यांत यायला लागतं त्यामुळे बीपी साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वर जातं. आणि तोवर तिला डिस्चार्ज मिळालेला असतो. डॉक्टर सांगतात आठवड्याभरात बीपी दाखवायला या. आता विचार करा, टाके ओले, बाळ दर दोन तासांनी उठतंय, मोठं मूल घरात, बस बदलून जायचं, नवऱ्याला सुट्टी नाही, कारण अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची रजा बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना नाही.

फिलाडेल्फियात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी यावर एक प्रयोग केला, २०१८ मध्ये छापून आला, आणि मला तो या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो. गरोदरपणात बीपी वाढलेल्या २०६ बायका घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखी दवाखान्याची अपॉइंटमेंट. दुसऱ्या गटाला घरी न्यायला बीपी मशीन, आणि दिवसातून दोनदा मोबाइलवर साधा मेसेज, की बीपी मोजा आणि आकडा पाठवा. ॲप नाही, पासवर्ड नाही. आकडा ठीक असला तर तसं उत्तर, जास्त आला तर डॉक्टरपर्यंत निरोप. पहिल्या दहा दिवसांत निदान एकदा तरी बीपीची नोंद झाली अशा बायका अपॉइंटमेंटच्या गटात ४४ टक्के, मेसेजच्या गटात ९२ टक्के.

मग त्यांनी तेच आकडे वंशानुसार वेगळे करून बघितले. अपॉइंटमेंटच्या गटात कृष्णवर्णीय बायकांपैकी फक्त ३३ टक्के पोचल्या होत्या, बाकीच्या बायकांपैकी ७०. मेसेजच्या गटात दोघींचेही आकडे नव्वदीच्या पुढे, फरकच उरला नाही. हे नीट बघा, कारण वर्षानुवर्षं फाइलवर "पेशंट फॉलोअपला आली नाही" असं लिहिलं जात होतं आणि त्याचा अर्थ "तिला काळजी नाही" असा लावला जात होता. तिला काळजी होती, रस्ता तिच्या दारापर्यंत येत नव्हता. मेसेज गेला तर दिवसातून दोनदा हाताला पट्टा बांधून, मांडीवर बाळ घेऊन, ती आकडा कळवत होती.

माणसाचा आधार हा भाग तर याहून जुना आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कृष्णवर्णीय बायकांची बहुतेक बाळंतपणं त्यांच्याच समाजातल्या सुईणी करायच्या, गोऱ्या गरीब घरांतलीसुद्धा. माता-बालकांच्या आरोग्यासाठीच्या १९२१ च्या कायद्यानंतर त्यांना ट्रेनिंग आणि परवाने सुरू झाले, बॅग तपासायला नर्स यायची, आणि हळूहळू बाळंतपण हॉस्पिटलात गेलं तसे परवानेही बंद झाले. हॉस्पिटलं हवीच होती, त्याबद्दल वाद नाही, रक्तस्राव थांबवायला ऑपरेशन थिएटरच लागतं. पण सुईणीबरोबर ती रात्रभर शेजारी बसणारी, नंतर आठवडाभर येऊन चूल बघणारी, बाईचा चेहरा ओळखणारी व्यक्तीही गेली आणि तिच्या जागी कोणीच आलं नाही.

आता डूला म्हणून जी मंडळी काम करतात ती हीच जागा भरतात. डूला औषध देत नाही, तपासणी करत नाही, सोबत राहते, पाठ चोळते, डॉक्टर काय म्हणाले ते परत समजावते आणि बाई काही सांगत असेल तर "एकदा बघा ना" असं ठामपणे म्हणते. हे नुसतं छान वाटण्यापुरतं नाही. सतरा देशांतल्या २६ चाचण्या आणि पंधरा हजारांहून जास्त बायकांचे निकाल २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले तेव्हा कळांच्या काळात सतत सोबत मिळालेल्या बायकांची सिझेरियनं कमी झाली आणि कळांचा वेळही थोडा कमी झाला असं दिसलं. अर्थात डूलाने सगळं सुटेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, गंजलेली सळई एका रात्रीत दुरुस्त होत नाही.

आणि माहिती. १९८३ मध्ये बिली एव्हरी यांनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय बायकांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली, आणि त्यातून गावोगावी बायकांचे छोटे गट उभे राहिले, गोल बसून आपापल्या शरीराबद्दल बोलायचं, बस. त्याच गोष्टीचं आजचं रूप मोबाइलवर आहे. किंबर्ली सील्स ॲलर्स या पत्रकार बाईंनी २०२१ मध्ये 'अर्थ' (Irth) नावाचं ॲप काढलं, त्यात बायका आपल्याला कोणत्या हॉस्पिटलात कसं वागवलं ते लिहितात, दुखतंय म्हटल्यावर ऐकलं का, विचारून तपासलं का. पुढची बाई ते वाचून हॉस्पिटल निवडते आणि हॉस्पिटलांनाही हे अनुभव एकत्र करून दाखवले जातात. मला याचं महत्त्व फार वाटतं, कारण केसपेपरवर नाडी, बीपी, टाके सगळं येतं पण "मी तीनदा सांगितलं आणि कोणी आलं नाही" याला रकानाच नसतो. शॅलनच्या आईने, वांडा अर्व्हिंग यांनी, मुलीच्या नावाने संस्था काढली. दरवर्षी ११ ते १७ एप्रिलला ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स या आघाडीतर्फे या विषयाचा आठवडा पाळला जातो. सरकारी पातळीवरही एक मोठी गोष्ट झाली, गरिबांच्या मेडिकेड विम्यात बाळंतिणीचं संरक्षण आधी ६० दिवसांत संपायचं, २०२१ च्या कायद्याने राज्यांना ते बारा महिने करायची मुभा मिळाली आणि जवळजवळ सगळ्या राज्यांनी ते केलं.

आपल्यातल्या कितीतरी आया आणि सासूबाई बाळंतपणाला अमेरिकेत जातात, डिंक, अळीव, शेपा सगळं बॅगेत बांधून. त्यांनी आणि इथल्यांनीही ही यादी पाठ करावी: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, छातीत दुखणं, दम लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, आणि बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं. बीपी १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, १६०/११० ला पोचलं तर थेट इमर्जन्सी, तिथे तासाभराच्या आत औषध मिळायला हवं. आणि दारातच पहिलं वाक्य हे बोला की हिची डिलिव्हरी होऊन इतके दिवस झालेत, कारण बाळ घरी ठेवून आलेली बाई बाळंतीण आहे हे समोरच्याला दिसत नाही, आणि ते कळलं की डोकेदुखीच्या गोळीऐवजी आधी बीपीचा पट्टा बांधला जातो.