ब्रांच धरायला दोघं कशाला?

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका जेटीवर अग्निशमन सप्ताहाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. पंपाने खाडीचं पाणी उचललं, चपटा पडलेला होजपाइप सळसळत फुगून टणक झाला आणि दोन जवान एकच ब्रांच, म्हणजे पाइपच्या टोकाची नोझल असलेली नळी, धरून पाय रोवून उभे राहिले. मागून एक आजोबा म्हणाले, "पाणीच तर मारूचा आसा, दोन माणसां कित्याक?"

याचं उत्तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे, आणि आकडे पाहिले तर ते अंगावर येतं. नोझलचं तोंड 20 मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याएवढं रुंद. दाब 7 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण सातपट. एवढ्यावर मिनिटाला सुमारे 700 लिटर पाणी सुटतं, तेही ताशी 135 किलोमीटर वेगाने. पाणी पुढे गेलं की नोझल मागे रेटतं. हा रेटा सुमारे 440 न्यूटन, म्हणजे 45 किलो वजनाइतका. सिमेंटच्या गोणीला पाचच किलो कमी!

इथे मला फार आवडणारी एक गंमत आहे. तोंडाचं क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंटिमीटर. त्याला दाबाने गुणलं तर रेटा 22 किलोच यायला हवा. मग दुप्पट कसा? नोझल बंद असताना आतलं पाणी पुढच्या सगळ्या भिंतीला पुढे ढकलत असतं. तोंड उघडलं की भोकावरचा रेटा गेला; ही तूट 22 किलोची. पण पाणी निमुळत्या भागात शिरताना वेग घेतं, वेग वाढला की दाब उतरतो, म्हणून त्या उतरत्या भिंतीवरचा पुढचा रेटाही घटतो. ही तूट आणखी 22 किलोची. पुढचा रेटा जितका तुटतो तितकं नोझल मागे रेटतं, म्हणून दोन्ही मिळून सुमारे 45.

म्हणूनच पंपावरच्या माणसाने न सांगता दाब 7 वरून 10 बारवर नेला, तर ब्रांचवरच्यांना अचानक 64 किलो पेलावे लागतात. ब्रांचमागचे काही मीटर पाइप जमिनीवर सरळ ठेवला तर बराच भार जमीन घेते. लगेच वळण दिलं तर तो अंगावर येतो. हातातून सुटलेली ब्रांच फणा काढल्यासारखी फटकारते. ती पकडायला धावायचं नाही, आधी पंपावरून पाणी तोडायचं. आणि नोझल झटकन बंद करायचं नाही. धावतं पाणी एकदम अडलं की दाबाची लाट उलटी पंपाकडे जाते.

असा अपघात झाला की आपल्याकडे "त्याची वेळच आली होती" म्हणतात. मला हे ऐकवत नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्या जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. त्यात नशिबाचा काय संबंध?

प्रात्यक्षिक संपल्यावर जवानांनी टँकरचं गोडं पाणी घेऊन पंप आणि प्रत्येक कपलिंग, म्हणजे पाइप जोडायचा सांधा, धुतलं. खारं पाणी आत राहिलं तर धातू खातं, आणि खाल्लेलं कपलिंग दाब आल्यावरच सुटतं. एकाने नखाने रबरी वॉशर उचकटला, उन्हाकडे धरून पाहिला, त्यात बारीक चीर दिसली. त्याने तो खिशात टाकला आणि नवा बसवला.