भूप की देशकार?

सा रे ग प ध. मध्यम (म) आणि निषाद (नी) दोन्ही रागांत वर्ज्य, बाकीचे पाचही स्वर शुद्ध. पेटीवर दोघांच्या पट्ट्या तंतोतंत त्याच, त्यामुळे नुसते स्वर मोजून राग ओळखणारा इथे हमखास फसतो. गायक कोणत्या स्वरावर विसावतो, हे ऐकल्याशिवाय इथे निभाव लागत नाही.

भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग); संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत (ध). देशकारात याच्या नेमकं उलट. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांची थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या साच्यांत, वर्गवारी करताना भूपाला कल्याण थाटात घातलं आणि देशकाराला बिलावलमध्ये, पण ज्या मध्यमावरून हे दोन थाट वेगळे ठरतात तोच इथे गैरहजर, तेव्हा श्रोत्याला या वर्गवारीचा उपयोग जवळपास शून्य. वेळ मात्र लक्षात ठेवावी: भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा.

भूपाची आलापी षड्जाभोवती (सा) सुरू होते, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवताला जाऊन परतते: सा, ध़ सा रे ग. मग गंधारावर ठिय्या. प ग, ध प ग, रे सा असं उतरताना रिषभालाही पुरेसा अवकाश मिळतो. किशोरीताई आमोणकरांचं ‘सहेला रे’ किंवा ‘स्वयंवर’ नाटकातलं ‘सुजन कसा मन चोरी’ ऐकताना गंधारावर कान ठेवा.

देशकार उत्तरांगातच, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागातच उघडतो. ध, प, ग प ध प. धैवत ठसठशीत आणि वारंवार, विसावा पंचमावर (प), ओढ तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सां कडे. रिषभ दुबळा, उतरताना ग रे सा असा चटकन निसटतो. तोच गायकाने लांबवला की देशकाराचा भूप झालाच! अशी घसरण मैफलीतही कानावर पडते.

सराव करायचा तर विलंबित ख्यालाची पहिली पाच मिनिटं घ्या. प्रत्येक आलाप संपताना गायक ज्या स्वरावर थांबला तो गुणगुणा आणि तानपुऱ्याच्या षड्जापासून सा रे ग प ध अशी सरगम म्हणत त्याच्यापर्यंत जा. तिसऱ्या स्वरावर मुक्काम वारंवार पडत असेल तर भूप. चौथ्या-पाचव्या स्वरांतच सगळा खेळ चालला असेल तर देशकार. द्रुत तानांवरून निकाल देऊ नका. सरळ सपाट तान दोन्हींत सारखीच वाटते.

भूप ठरवूनही शंका उरली, तर उतरताना सां-ध आणि प-ग यांच्यामधली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, ऐका. तिथे निषादाची किंवा तीव्र मध्यमाची सावली पडत असेल, तर तुम्ही शुद्ध कल्याण ऐकताय.