सवलतीचे गुण कोणाच्या पथ्यावर पडतात?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात गेल्या दशकाच्या मध्यापर्यंत माध्यमिक शाळांमधली श्रेणी देण्याची पद्धत कडक होती. ‘ए’ मिळवायला ९३ गुण लागत, ‘बी’ला ८५, आणि ७०च्या खाली गेलेला विद्यार्थी नापास. इतर अनेक राज्यांत ९०लाच ‘ए’ मिळतो, मग कॉलेजप्रवेशाच्या वेळी आपल्याच मुलांनी का मागे पडायचे, असा प्रश्न पुढे आला आणि राज्याने रेषा खाली आणल्या. ‘ए’ ९०ला, ‘बी’ ८०ला, आणि पास व्हायला ६०. अभ्यासक्रम, पुस्तके, शिक्षक सगळे तेच राहिले.

संशोधकांच्या दृष्टीने ही मोठीच संधी होती. एरवी एखाद्या शाळेतले गुण वाढले, तर मुले जास्त शिकली की शिक्षकांनी हात सैल सोडला हे सांगता येत नाही. इथे नेमके काय बदलले ते स्पष्ट होते. ब्रूक्स बाउडन, विवियाना रॉड्रिगेझ आणि झॅक वाइनगार्टन या तिघांनी बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची तुलना केली. श्रेणी सुधारल्या, पण हा फायदा मुख्यतः आधीपासून पुढे असलेल्या मुलांच्या पदरात पडला. मागे असलेल्या मुलांची शाळेतली गैरहजेरी वाढली. सवलत सगळ्यांना सारखी दिली गेली होती, तरी दोन गटांमधले अंतर रुंदावले.

असे का व्हावे, हे दहावीला बसलेल्या कोणालाही समजेल. “तो धडा मी ऑप्शनला टाकलाय,” हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक वर्गात ऐकू येते. किती केले म्हणजे भागेल याचा हिशेब मूल आपसूक करत असते. आपल्या दहावीच्या भाषा विषयाचे उदाहरण घ्या. लेखी परीक्षा ८० गुणांची, शाळेने द्यायचे अंतर्गत गुण २०, आणि उत्तीर्ण व्हायला हवेत ३५. शाळेने अठरा गुण घातले की उरले सतरा. ८० पैकी सतरा गुणांसाठी किती धडे वाचावे लागतात, हे मुलांना शिक्षकांपेक्षा जास्त अचूक ठाऊक असते. नव्वदच्या पुढची मुलगी मात्र या हिशेबात नसतेच. तिची नजर अकरावीच्या कट-ऑफवर असते. पासची रेषा कुठेही नेली तरी तिचा अभ्यास कमी होत नाही. रेषा हलली की हलतो तो त्या रेषेच्या आसपास असलेला मुलगा.

शिवाय एका दिवसाच्या दांडीची किंमत दोघांना वेगवेगळी पडते. तिला वही मिळते, क्लास असतो, घरी समजावून सांगणारे कोणी तरी असते. त्याच्याकडे शाळेखेरीज दुसरे काही नसते, आणि सैल झालेल्या गुणांमुळे तो नेमकी शाळाच बुडवतो. मला या संशोधनातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

कॉलेजातल्या मुलांचे वागणेही वेगळे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या शाखेतल्या विद्यार्थ्यांच्या माहितीवरून फिलिप बॅबकॉक यांनी २०१० मध्ये एक अंदाज मांडला. विषय तोच, प्राध्यापक तोच. पण वर्गाला सरासरी ‘सी’ऐवजी ‘ए’ मिळण्याची अपेक्षा असेल, तर अभ्यासाचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो.

शिक्षक कडक की सैल हे मोजायचे कसे? डेव्हिड फिग्लिओ आणि मॉरिस लुकास यांनी त्यासाठी साधी युक्ती वापरली. फ्लोरिडातल्या अलाचुआ काउंटीत तिसरी ते पाचवीच्या मुलांना वर्गशिक्षकांनी दिलेली श्रेणी आणि राज्यस्तरावरच्या सामायिक चाचणीतली त्याच मुलांची कामगिरी त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. चाचणीत सारखेच यश मिळवणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला वर्गात ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘बी’ मिळत असेल, तर दुसऱ्याचे शिक्षक कडक. अशा कडक शिक्षकांच्या वर्गात मुलांची प्रगती जास्त दिसली. पुढे सेथ गर्शेन्सन यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या बीजगणिताच्या वर्गांवर असेच काम केले. तिथेही कडक शिक्षकांच्या हाताखालची मुले जास्त शिकली, आणि तो फायदा पुढच्या इयत्तांच्या गणितातही टिकला.

फिग्लिओ-लुकास यांनी पालकांनाही प्रश्न विचारले होते. शिक्षक कडक असतील तर पालक मुलांच्या गृहपाठात जास्त मदत करत होते, आणि तरीही त्याच शिक्षकांविषयी त्यांचे मत कमी चांगले होते. म्हणजे गुण हे घरी पाठवलेली खबरही असतात. स्वतः फारशी शाळा न शिकलेल्या आईवडिलांसाठी प्रगतिपुस्तक हाच मुलाच्या शिक्षणाकडे बघायचा एकमेव झरोका असतो. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०१८ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. उरलेल्या मुलांच्या घरी ‘ब’ श्रेणीचा कागद जात असेल, तर मुलाला वाचता येत नाही हे त्या आईला कळायचे कधी? बाईंना जाऊन विचारायचा तिचा हक्कच त्या कागदाने काढून घेतलेला असतो.

महाराष्ट्राने या प्रश्नाची एक झलक पाहिली आहे. २०१९च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी निकाल ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सगळी घसरण या एका कारणावर ढकलता येणार नाही. पण ओरड झाली आणि अंतर्गत गुण परत आले. २०२०चा निकाल होता ९५.३० टक्के. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, हेही खरे. एका वर्षात मुले एवढी जास्त शिकली असे मात्र कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

मग छडी उगारून नापासांचा आकडा वाढवावा का? मुळीच नाही, आणि इथे संशोधनाची दुसरी बाजू तितकीच ठाम आहे. शिकागोमध्ये १९९६ पासून ठरावीक इयत्तांना परीक्षेत कमी पडलेल्या मुलांना त्याच वर्गात बसवायला सुरुवात झाली. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांना आढळले, की आठवीत मागे ठेवलेल्या मुलांमध्ये शाळा सोडण्याचे प्रमाण वाढले. आपल्या शिक्षण हक्क कायद्यातल्या १६व्या कलमाने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरवले, त्यामागे हीच काळजी होती आणि ती खरी होती.

जेफ्री डेनिंग आणि सहकाऱ्यांनी अलीकडे लॉस एंजेलिस आणि मेरीलँडमधल्या विद्यार्थ्यांच्या माहितीवरून या गुंत्यातले दोन धागे वेगळे केले आहेत. काठावरच्या मुलाला पास करणे ही एक सवलत. तिने मुले मागे राहण्याचे प्रमाण घटते आणि शालेय शिक्षण पूर्ण होण्याची शक्यता वाढते. सरसकट सगळ्यांचे गुण फुगवणे ही दुसरी. तिच्यामुळे पुढच्या चाचण्यांतली कामगिरी खालावते आणि मोठेपणीची कमाईही घटते. माझे मत या निष्कर्षाच्या बाजूचे आहे: दया दाखवायची ती मुलाला पुढे नेताना दाखवावी, त्याला काय येते ते लिहिताना नाही.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन नापास मुलाला मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३च्या डिसेंबरमध्ये तसे नियम केले. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी असे कायदा सांगतो. आपल्याकडे हे दोन महिने बरेचसे मे महिन्याच्या सुटीत जातात. शाळा बंद असते, मूल गावी गेलेले असते आणि शिक्षकही सुटीवर असतात. भागाकार न जमल्यामुळे नापास झालेल्या पाचवीच्या मुलाला त्या मधल्या काळात भागाकार कोण शिकवणार, याचे वेळापत्रक प्रत्येक शाळेने निकालाच्याच दिवशी पालकांच्या हातात द्यायला हवे.