विहीर दुप्पट रुंद केली, तर पाणी दुप्पट?

मराठवाड्यात विहीर रुंद करायचा विषय निघाला की एक हिशेब हमखास ऐकू येतो: वीस फुटांची चाळीस केली, म्हणजे पाणी दुप्पट. हा हिशेब दोन्हीकडून चुकतो.

वीस फूट हा व्यास. त्रिज्या त्याच्या निम्मी, 10 फूट. क्षेत्रफळ 3.14 × 10 × 10 = 314 चौरस फूट. व्यास 40 केला की त्रिज्या 20, क्षेत्रफळ 1256. त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणून साठा चौपट. दहा फूट पाणी असेल तर पहिल्या विहिरीत साधारण 89 हजार लिटर, दुसरीत साडेतीन लाखांवर.

पण एकूण खोदाईही चौपट. दर फूट खोलीला 3.14 ब्रासऐवजी (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) एकूण 12.56 ब्रास मुरूम-दगड; जुनी विहीर रुंद करताना त्यातला 9.42 ब्रास नव्याने काढावा लागतो. आणि झरे? ते काळ्या पाषाणातल्या भेगांवर अवलंबून. घेर वाढला म्हणून त्याच पटीत वाढत नाहीत. रिकामी टाकी मोठी झाली, एवढंच.

सूत्रात त्रिज्येऐवजी व्यास घातला की वीस फुटांच्याच विहिरीचे 1256 येतात. खोदाईचं बिल अशानेच फुगतं.

विहिरीच्या मध्यावर टेप धरता येत नाही. मग कठड्याला बाहेरून दोरी गुंडाळा, ती मोजा, 6.28 ने (3.14 च्या दुपटीने) भागा आणि कठड्याची जाडी वजा करा. दोरी 72.2 फूट भरली तर 11.5, जाडी दीड फूट, म्हणजे आतली त्रिज्या 10. जाडी वजा करायचं बहुतेक जण विसरतात. कठडा वाकडातिकडा असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.